चपलांपाशी कोण बसणार?

हळदीच्या वखारीत दिवसभर वावरलं की कपडे कितीही झटका, घरी आल्यावर बाहीच्या घडीतून चिमूटभर पिवळं निघतंच. सहलींच्या धंद्यातले किस्से असेच साठतात. आपण काही गोळा करायला जात नाही, ते अंगाला लागून घरी येतात! परवा मैत्रिणींना एक सांगायला बसले तर दुसरा आठवला, दुसऱ्यातून तिसरा निघाला आणि चहा गार झाला.

मी पर्यटन शिकायला नेदरलँड्सला होते. तिथली अगदी साध्या पगाराची माणसंही सायकलला तंबू बांधून पोरांसकट चार दिवस कुठेतरी जाऊन राहायची. सुट्टी ही चैन नाही, ती प्रत्येक घराचा हक्क आहे, हे माझ्या डोक्यात तिथे पक्कं बसलं. सांगलीला परतायचं आणि आपल्याकडच्या घरांसाठी जवळच्या, परवडणाऱ्या सहली काढायच्या असं ठरवूनच मी विमानात बसले. त्या सहली आईबापांना आणि पोरांना, दोघांनाही आवडायला हव्यात, एवढाच माझा हट्ट. नाव ठेवलं ‘सहकुटुंब’. माणसं तीन. मी, फोन आणि जेवणखाण सांभाळणारी माझी वहिनी, आणि स्वतःची पिवळी स्कूलबस असलेले शकूरभाई. सुट्टीत शाळेची बस उभीच असते, म्हणून आमचं भाडं कमी!

ऑफिस आप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, हळदीच्या दुकानावरच्या खोलीत. आप्पांनी खोली दिली, पण व्यापाऱ्यासारखी दिली.

“यंदा माल कमी आलाय, खोली रिकामी हाय. पुढची नवी हळद येईस्तोवर वापर. तवर एक तरी घर दुसऱ्यांदा आलं तर खोली तुझी. न्हाई आलं तर पोती.”

“दुसऱ्यांदाच का, आप्पा?”

“एकदा कोणबी येतंय. फसून सुदीक येतंय. दुसऱ्यांदा येतंय ते गिऱ्हाईक!” आणि जाता जाता वळून म्हणाले, “घरातलं धरायचं न्हाई हां.”

त्यानंतर आप्पा कधी जिना चढून वर आले नाहीत. काही विचारायचं असलं की दुकानातूनच हाक: “आलं का गं कोण दुसऱ्यांदा?”

*

सहल ठरवण्याआधी मी प्रत्येक घराची मुलाखत घ्यायचे. सगळ्यांची वेगवेगळी! माझ्या अभ्यासक्रमात ते होतं. पहिलं घर इस्लामपूरचं. नवरा, बायको, एक मुलगा, एक मुलगी.

नवऱ्याला विचारलं, सहलीत काय हवं? “शांतता.”

मुलाला विचारलं. “धबधबा! आणि मोठा आवाज!”

मुलगी म्हणाली, “हॉटेलातला टीव्ही.”

“अगं, एवढ्या लांब जाऊन टीव्ही?”

“घरी पप्पा लावू देत न्हाईत.”

राहिली आई. तिला विचारलं तर ती हसायलाच लागली. म्हणाली, “आमचं काय विचारताय? आमी बसतो की सामानापाशी!”

मी पेन तसंच धरून बसले. म्हणजे काय? मग आठवायला लागलं. देवळात, नदीवर, बागेत, जिथे म्हणून घरातली सगळी जातात तिथे एक माणूस पिशव्या आणि चपलांपाशी बसलेला असतो. आमच्या घरी ते आप्पा. माझ्या लहानपणच्या सहलींचे फोटो काढून बघितले. आई आहे, दादा आहे, मी आहे. आप्पा एकाही फोटोत नाहीत!

त्या दिवशी मी जाहीर केलं: ‘सहकुटुंब’च्या सहलीत कुणीही सामानापाशी बसणार नाही.

वहिनी म्हणाली, “मग सामान कुठं बसणार?”

*

इस्लामपूरकरांची सहल निघाली. सकाळी बस दारात उभी राहिली आणि मुलाने भोकाड पसरलं. “सुट्टीत पण हीच बस?”

बरोबरच होतं त्याचं. शकूरभाई इस्लामपुरातल्या त्याच्याच शाळेची पोरं न्यायचे! पोरांच्या मनाचा एवढा अभ्यास करून आलेली मी, आणि हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

शकूरभाई शांतपणे खाली उतरले. पोरांना पुढच्या सीटवर बसवलं, आईबापांना सगळ्यात मागे पाठवलं. लहान पोरांच्या मापाच्या सीट त्या, बापाचे गुडघे हनुवटीला लागले. बस सुटली आणि शकूरभाईंनी आरशात बघून आवाज टाकला, “ओ साहेब! हात बाहेर काढायचा न्हाई!”

बापाने हात आत घेतला.

“आणि मागं बोलाय कोण लागलंय? मॅडमना नाव सांगू काय?”

पुढे पोरं हसून हसून सीटवरून खाली! परतीच्या वाटेवर मुलाने स्वतः उठून बापाला दम दिला, “नीट बसा, न्हाईतर उद्या पालकांना घेऊन या!”

बाप म्हणाला, “पालक गावाकडं असत्यात, सर.”

सगळे खूश. पुढच्या सुट्टीत हे घर परत येणार, मी आप्पांना छातीठोक सांगितलं. आलं नाही. त्यांच्या मेहुणीचं घर आलं.

“ते पैलंच धरायचं,” खालून आप्पा.

*

सांगलीहून कोयनेला निघालेलं एक घर. वाट कराडवरून. शकूरभाईंनी निघतानाच सगळ्यांना उभं करून विचारलं, “वाटंत पावणं कोण कोण हाईत? आत्ताच बोला. मागनं ऐकून घेनार न्हाई.”

आपल्याकडे ही मोठी अडचण आहे. पाहुण्याच्या गावावरून जायचं आणि त्याच्या घरी चहा प्यायचा नाही, म्हणजे ते भांडण लग्नकार्यापर्यंत पुरतं. घरचे म्हणाले, कराडात एक आत्या आहे, पण तिला सांगितलेलंच नाही. शकूरभाईंनी गावात न शिरता हायवेने बस काढली. कराड मागे पडलं, सगळ्यांनी सुस्कारा सोडला. तेवढ्यात घरातल्या थोरल्या पोरीने खिडकीतून फोटो काढला आणि स्टेटसला टाकला: ‘बाय बाय कराड!’

दोनच मिनिटांत तिच्या बापाचा फोन वाजला. बाप उभा राहिला. चालत्या बसमध्ये माणूस आत्याच्या फोनला उभा राहतो, हे मी पहिल्यांदाच बघत होते!

“व्हय आत्या... न्हाई आत्या... परतताना येणारच हुतो की... आत्ता? बरं.”

बस वळली. चहा म्हणून थांबलो, पोहे झाले, मग शिरा झाला. शकूरभाई मला म्हणाले, “चला, आता तरी सुटू.” बाहेर येऊन बघतो तर आत्या बसमध्ये, सगळ्यात पुढच्या सीटवर, डब्यासकट!

“कोयना मीबी बघितली न्हाई अजून,” आत्या म्हणाली.

सहल कशी झाली विचारलं तर आईबाप आणि पोरं, सगळ्यांचं एकच उत्तर: आत्या आली म्हणून मजा आली! मी बुचकळ्यात पडले. मग आत्याला आधी चुकवायची कशाला?

हे घरही दुसऱ्यांदा आलं नाही. आत्याने मात्र चार घरं पाठवली. सगळी पहिलीच.

*

सामानावर मी उपाय शोधला. लोखंडी पेटी करून घेतली, बसमध्ये बोल्टने घट्ट बसवली, वर जाड कुलूप. पिशव्या, मोबाईल, चपला, सगळं आत. आता कोण कशाला मागे बसेल?

पावसाळ्यात साताऱ्याकडचे एक निवृत्त सुभेदार बायको, सून, नातवंडं घेऊन आले. ठोसेघरला पोहोचलो, सगळं सामान पेटीत टाकून मी ऐटीत किल्ली फिरवली. सगळे धबधबा बघायला निघाले. सुभेदार बसमध्येच. पेटीवर बसलेले!

“सुभेदार, कुलूप लावलंय की.”

“म्हनून तर बसलोय. एवढं मोठं कुलूप बघितलं की आत काय तरी हाय, हे चोराला कळतंय.”

बाहेरून त्यांच्या मंडळी ओरडल्या, “आवं, उतरा की! नातू बोलावतोय!”

“पोस्ट सोडून येता येत न्हाई!”

“आवं, तितं तुमाला कुनी लावलंय पोस्टवर?”

सुभेदार पेटीवर आणखी नीट सरकून बसले. “आता सवय झालीया,” म्हणाले.

मी किल्ली त्यांच्या हातात दिली. “आता तरी चला!” त्यांनी ती खिशात घातली, खिसा वरून दाबून धरला आणि धबधब्यापर्यंत आले. पूर्ण वेळ एक हात खिशावर. फोटोत आले, पण छातीत दुखत असल्यासारखे.

*

हा मला फार आवडणारा किस्सा, अगदी सुरुवातीचा, पेटीच्याही आधीचा. रमजानचे दिवस होते, होळीला जोडून सुट्टी आलेली. सांगलीजवळच्या एका जैन शेतकऱ्याचं घर आम्ही वाई दाखवायला नेलेलं. बरोबर त्यांची म्हातारी आई, सगळे तिला आक्का म्हणायचे. आमच्याही घरी हा नियम आहे, म्हणून मला माहीत होतं: सूर्य मावळला की आक्का अन्नपाणी घेणार नाही. मी संध्याकाळचं जेवण त्या हिशेबाने लवकर ठेवलं होतं.

पण वाई डोंगरांच्या कुशीत. नदीच्या घाटावर बसून डबे उघडतोय तोवर सूर्य डोंगराआड! आक्काने ताट बाजूला सारलं.

“आक्का, अजून मावळला नाही. हे बघा, मोबाईलमध्ये वेळ दिलीय.”

“तुझ्या मोबाईलातला सूर्य मला नको. डोळ्याला दिसंना झाला, की झालं.”

नातू रडायला लागला. आज्जी जेवणार नाही तर तोही जेवणार नाही म्हणे. सगळ्यांचे डबे बंद व्हायला लागले. शकूरभाई लांब पायरीवर बसले होते. रोजा होता, सकाळपासून पाण्याचा थेंब नाही. ते उठले, किल्ली काढली. “बसा गाडीत. वर असंल त्यो अजून.”

पसरणीचा घाट! डबे मांडीवर, आमटी सांडू नये म्हणून सगळ्यांचे हात झाकणावर, आणि पोरं प्रत्येक वळणाला ओरडतायत, “दिसला? न्हाई! दिसला? न्हाई!” घाटमाथ्यावर बस पोहोचली आणि समोर तो, लालबुंद.

आक्का रस्त्याच्या कडेला उभ्या उभ्या जेवली. नातू एकेक घास भरवतोय आणि सूर्याकडे बघून ओरडतोय, “खा आज्जी, खा, अजून हाय!” शकूरभाई बसला टेकून त्याच सूर्याकडे बघत होते. आक्काला तो थांबायला हवा होता, शकूरभाईंना जायला!

शेवटची कड बुडाली. आक्काने चूळ भरली, आपल्या गाळलेल्या पाण्याचा तांब्या उचलला आणि शकूरभाईंपुढे धरला. “झालं माझं. घे रं बाबा, आता तुझं.”

वाईची देवळं कशी वाटली असं मी मागाहून नातवाला विचारलं. “कुठली देवळं?” म्हणाला.

*

पेटी फसल्यावर मी पाळ्या लावल्या. सामानापाशी प्रत्येकाने थोडा थोडा वेळ बसायचं. लहानथोर सगळ्यांनी. समता!

विट्याचं एक घर होतं. आजीआजोबा, आईबाप, दोन पोरं. वाईच्या घाटावर पहिली पाळी बापाला दिली. बाप बसला. धाकटा पोरगा पाण्याकडे निघाला होता, तो मागे वळला. बाप एकटा, मोकळा, हातात मोबाईल नाही, असा त्याने बहुतेक कधी बघितला नव्हता. तो जाऊन बापाच्या शेजारी बसला आणि चपलांची रेल्वे करायला लागला. बाप इंजिन झाला. ते बघून थोरली आली. पोरांनी पाणी प्यायलं का बघायला आई आली. आई बसली म्हणून आजी टेकली. आजोबा म्हणाले, सगळी हितं, तर मी तितं एकटा काय करू? थोड्या वेळाने गाण्याच्या भेंड्या सुरू झाल्या. समोर घाट रिकामा!

मी अस्वस्थ. “अहो, नदी बघा ना! देवळं बघा!”

“बगतोय की, हितनंच,” बाप म्हणाला.

परतताना माझा नेहमीचा प्रश्न विचारला, वेगवेगळा. सगळ्यात जास्त काय आवडलं? मुलगा: “चपलांपाशी बसलो ते.” बाप: “माझी पाळी हुती, तवा.”

आत्या मधे न येता बापाचं आणि लेकाचं उत्तर सारखं येण्याची मी किती महिने वाट बघत होते! धावत जाऊन वहिनीला सांगितलं.

वहिनी म्हणाली, “छान. आता जाहिरात काय करायची? ‘या, आमच्या चपलांपाशी बसा’?”

*

दिवाळीच्या सुट्टीतल्या एका सहलीत ऐनवेळी एक सीट रिकामी राहिली. वहिनीची मुलगी ओवी आमच्या प्रत्येक सहलीत असतेच. ती खाली जाऊन आप्पांचा हात धरून बसली, उठेचना. शेवटी आप्पा म्हणाले, “चला, धंदा कसा चाललाय ते तरी बगू.” आईने डबा दिला आणि ती घरी राहिली.

कराडला संगमावर गेलो. आप्पांनी बसमधून उतरताच जागा हेरली. सावली, उंचवटा, चारी बाजू दिसतात अशी. कुणी काही म्हणायच्या आत पिशव्यांची भिंत केली, चपला जोडीने लावल्या आणि मधोमध बसले. मी पाळ्यांचा नियम सांगायला तोंड उघडलं, पण आप्पांना नियम सांगायची हिंमत झाली नाही.

थोड्या वेळाने ओवी पाण्यातून आली. निथळत त्यांच्यापुढे उभी.

“आजोबा, तुमची पाळी संपली.”

“माझी पाळी नसतीया बाळ. मी असाच बसतोय.”

“सगळ्यांची असती. उठा. मी बसते.”

आणि ती बसलीसुद्धा, मांडी घालून, हाताची घडी घालून. आप्पांनी माझ्याकडे बघितलं, वहिनीकडे बघितलं. आम्ही दोघी नदीकडे बघायला लागलो. मग ते उठले. धोतर गुडघ्यापर्यंत खोचलं, पायऱ्या उतरले आणि पोटऱ्यांएवढ्या पाण्यात जाऊन उभे राहिले. एकीकडून कृष्णा येते, समोरून कोयना. आप्पा दोन्हीकडे बघत किती तरी वेळ उभे होते. मी फोटो काढला. पाठमोरा आहे, पण आहे!

तेवढ्यात ओवीची किंकाळी. एक कुत्रं आप्पांची डावी चप्पल तोंडात धरून वाळूतून सुसाट निघालं होतं. शकूरभाई मागे धावले, पण कुत्रं आणि चप्पल दोन्ही गायब. ओवी हमसून हमसून रडायला लागली. “माझ्या पाळीत गेली!”

आम्ही सगळे आप्पांकडे वळलो. पोत्याला भोक पडून मूठभर हळद सांडली तर वखार डोक्यावर घेणारा माणूस हा!

आप्पा पाण्यातून बाहेर आले. उरलेली चप्पल उचलली, उलटसुलट करून बघितली. “गेली तर गेली,” म्हणाले, आणि परत पाण्यात गेले.

घरी आईने दारातच विचारलं, “एकच चप्पल? दुसरी कुठं टाकली?” आप्पा अनवाणीच आत गेले.

*

संक्रांत झाली. नव्या हळदीची पहिली गाडी दुकानापुढे लागली. इतक्या सहली झाल्या, इतकी माणसं हसून उतरली, फोन करून ‘लय भारी’ म्हणाली, पण एकही घर दुसऱ्यांदा आलं नव्हतं. आता तर परीक्षांचे दिवस, सहलीला कोण येणार? मी भिंतीवरचे फोटो काढून खोक्यात भरत होते. शकूरभाई पेटीचे बोल्ट सोडवत होते. वहिनी नुसतीच उभी होती. खाली हमाल पोती उतरवत होते आणि आम्ही तिघं आप्पांच्या हाकेची वाट बघत होतो: झाली का गं खोली मोकळी?

हाक आली नाही. जिन्यावर पावलं वाजली, सावकाश, एकेक पायरी. आप्पा वर आले. अंगभर पिवळी धूळ. पायात नव्या कोऱ्या चपला. त्या त्यांनी दाराबाहेर काढल्या, आत आले आणि गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसले.

“गाडी पायजे. कराडला. त्या तिथंच.”

“कुणाला, आप्पा?”

“मला. आणि तुझी आई. ओवी तर असतीयाच.”

मी हातातलं खोकं खाली ठेवलं. “पण घरातलं धरायचं नाही, तुम्हीच म्हणाला होता.”

“घरातला असतो तर खालनंच हाक मारली असती. जिना चढून आलोय. पावती फाड.”

शकूरभाईंनी पाना खाली ठेवला. वहिनीने माझ्यापुढे पावतीपुस्तक सरकवलं. मी नाव लिहायला घेतलं तेव्हा आप्पा उठले, दाराबाहेर गेले, नव्या चपलांत पाय सरकवले आणि मागे वळून म्हणाले,

“आणि ह्या खेपंला चपलांपाशी तू बसायचं.”